बैठकीच्या दाराला कुलूप, खोली मात्र उघडी

एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने एक सूचनापत्र काढले. १६ एप्रिलला ते सर्वत्र प्रसिद्ध झाले. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते, शाळा बंद होत्या आणि वर्ग, सभा, प्रशिक्षणे असे सारे काही संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले होते. यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली होती ‘झूम’. ही प्रणाली सुरक्षित नाही, शासकीय कामासाठी अधिकाऱ्यांनी ती वापरू नये आणि खाजगी व्यक्तींना वापरायचीच असेल तर अमुक काळजी घ्यावी, असा या पत्रकाचा आशय होता. सायबर सुरक्षा या विषयावरचा अधिकृत कागद आपल्यापैकी अनेक शिक्षकांच्या हाती तेव्हा पहिल्यांदाच पडला असावा.

आज त्याचे परीक्षण कशासाठी करायचे, असे कोणी विचारेल. टाळेबंदी संपली, पण पडद्यावरच्या बैठका संपल्या नाहीत. पुण्याहून किंवा मुंबईहून निघालेली सूचना आज तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या दूरचित्रवाणी संचावर ऐकली जाते. सुरक्षिततेविषयी आपली समजूतही त्याच पत्रकाच्या साच्यातली राहिली आहे. ही बटणे दाबा, ती बंद करा, म्हणजे झाले! हा साचा कितपत पुरेसा आहे, ते तपासून पाहू.

पत्रकात काय आहे

पत्रकाचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. त्याने तीन उद्देश स्पष्ट मांडले. परक्या व्यक्तीला बैठकीत शिरू न देणे, आत आलेल्या व्यक्तीला इतरांच्या यंत्रात खोडसाळपणा करू न देणे आणि गर्दी करून बैठक बंद पाडण्याचा प्रयत्न रोखणे. त्यासाठी सांगितलेले उपायही योग्यच होते. प्रत्येक बैठकीसाठी नवा क्रमांक व नवा परवलीचा शब्द घ्यावा. आलेल्यांना आधी ‘प्रतीक्षा कक्षात’ थांबवावे. यजमानाच्या आधी कोणाला आत येऊ देऊ नये. पडदा दाखवण्याचा अधिकार फक्त यजमानाकडे ठेवावा. काढून टाकलेल्याला परत येऊ देऊ नये. सर्वजण आले की बैठकीला कुलूप लावावे. शेवटी यजमानाने नुसते बाहेर न पडता बैठक रीतसर संपवावी.

भाषा सरळ, सूचना थोड्या, प्रत्येक बटणाचे चित्र दिलेले. घाईच्या काळात निघालेला कागद म्हणून तो वाईट नाही. त्यात दोष आहेत ते दोन प्रकारचे. पहिला दोष शिकवण्याच्या पद्धतीतला आहे आणि दुसरा, जास्त गंभीर, विषयाच्या मर्यादेतला.

कारणांवाचून सूचना

‘परवलीचा शब्द ठेवा’ असे पत्रक सांगते. का ठेवायचा, हे सांगत नाही. गणिताच्या शिक्षकाला ही उणीव लगेच जाणवेल. झूमच्या बैठकीचा क्रमांक त्या वेळी नऊ ते अकरा अंकी असे. नऊ अंकी क्रमांक म्हणजे सुमारे १०० कोटी शक्यता. त्यातला बरोबर क्रमांक कोणाला सापडणार, असे आपल्याला वाटते. पण चोराला एक ठराविक बैठक नको असते, कोणतीही उघडी बैठक चालते. शिवाय क्रमांक वाटण्याच्या पद्धतीत काही नियम असेल, तर शक्यता आणखी कमी होतात. ‘चेक पॉइंट’ या संस्थेच्या संशोधकांनी जानेवारी २०२० मध्ये दाखवून दिले, की यादृच्छिक तयार केलेल्या क्रमांकांपैकी सुमारे ४ टक्के खऱ्या बैठकींचे निघाले. शंभर दारे ठोठावली की चार उघडतात. म्हणून नुसता क्रमांक पुरत नाही, परवलीचा शब्द लागतो.

मग परवलीचा शब्द किती मोठा हवा? झूम आपणहून सहा अंकी संख्या देत असे. सहा अंकांच्या १० लाख शक्यता होतात. माणसाला त्या तपासायला महिने लागतील. पण सेकंदाला १०० संख्या तपासणाऱ्या यंत्राला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास पुरतात. एप्रिल २०२० मध्येच टॉम अँथनी यांनी झूमला कळवले, की त्यांच्या संकेतस्थळावर चुकीच्या प्रयत्नांची मोजदादच होत नाही. कितीही वेळा चुकले तरी दार बंद होत नाही. झूमने हा दोष काही दिवसांत दुरुस्त केला. यातून शिकण्याचा धडा असा, की कुलपाची ताकद दोन गोष्टींवर ठरते. एक, शक्यतांची संख्या. दोन, चुकीच्या प्रयत्नांवरची मर्यादा. बँकेच्या कार्डाचा चार अंकी क्रमांक दहा हजार शक्यतांचाच असतो, तरी तो चालतो, कारण मोजक्या चुकांनंतर कार्ड बंद पडते.

हे कारण माहीत असलेला शिक्षक उद्या दुसरी प्रणाली आली तरी योग्य प्रश्न विचारील. नुसते बटण पाठ केलेला शिक्षक, बटणाची जागा बदलली की गोंधळेल. प्रत्यक्षात काय झाले तेही पाहा. यजमान परवलीचा शब्द ठेवी आणि मग बैठकीचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकी. त्या दुव्यातच परवलीचा शब्द गुंफलेला असतो! कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात घालून पाठवण्यासारखे हे झाले. गटावर दोनशे लोक असतील आणि त्यातल्या एकाने दुवा पुढे ढकलला, तर कुलपाला अर्थ उरत नाही.

बटणांनी न सुटणारा प्रश्न

३ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे हे पत्रक प्रसिद्ध होण्याच्या दोन आठवडे आधी, कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या ‘सिटिझन लॅब’ या गटाने झूमच्या सांकेतिकीकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला. बैठकीतले चित्र व आवाज सांकेतिक रूपात पाठवण्याची झूमची पद्धत कच्ची होती. सारख्या माहितीच्या तुकड्याला दर वेळी सारखाच सांकेतिक तुकडा मिळत होता. शिवाय काही चाचण्यांमध्ये सर्व सहभागी उत्तर अमेरिकेत असूनही किल्ल्या चीनमधील संगणकावरून आल्या होत्या.

सारख्याला सारखे, यात वाईट काय? वर्गात हा प्रयोग करून पाहता येईल. चौकटीच्या कागदावर २० गुणिले २० चौकटी आखून त्यात काळ्या चौकटींनी ‘अ’ काढा. आता प्रत्येक काळ्या चौकटीला ७ आणि प्रत्येक पांढऱ्या चौकटीला ३ असा ‘गुप्त’ अंक द्या. कागद शेजारच्या गटाकडे द्या आणि सर्व ७ तांबडे, सर्व ३ निळे रंगवायला सांगा. रंग वेगळे असले तरी ‘अ’ स्पष्ट दिसेल. गुपित फुटले! आता दुसऱ्या प्रतीत प्रत्येक चौकटीसाठी नाणे फेका. छापा आला तर रंग उलटा करा, काटा आला तर तसाच ठेवा. मूळ आकृतीचा मागमूसही राहणार नाही. ज्याच्याकडे छापा-काट्याची नोंद आहे, त्यालाच ‘अ’ परत मिळवता येईल. चांगल्या सांकेतिकीकरणाचे तत्त्व हेच आहे.

झूम त्या काळात आपली पद्धत ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत’ सुरक्षित असल्याची जाहिरात करीत होते. तो दावा फसवा असल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीशी तडजोडीचा करार करून तिला बंधने घातली. कंपनीने पद्धतही सुधारली. परंतु आपल्या पत्रकातल्या बटणांपैकी एकही बटण या प्रश्नाला हात लावत नव्हते. पत्रक म्हणते ‘प्रणाली सुरक्षित नाही’. ती कोणत्या अर्थाने सुरक्षित नाही हे कळल्याशिवाय वाचकाला धोक्याचे मोजमाप करता येत नाही. कारण न सांगता दिलेली सूचना एक तर भीती निर्माण करते किंवा दुर्लक्षित होते.

खोलीचा विसर

आता दुसरा, मोठा दोष. पत्रकाच्या डोळ्यांसमोर एक चित्र आहे. एक माणूस, त्याचा एक संगणक, घरातील एक खोली. पत्रकाने वाचकांचे दोन भाग केले. एकीकडे खाजगी व्यक्ती, दुसरीकडे शासकीय कामासाठी बसलेले अधिकारी. जिल्हा परिषदेचा शिक्षक स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पैशाने भरलेल्या रिचार्जवर वर्ग घेतो, तेव्हा तो यापैकी कोणत्या भागात बसतो? पत्रकात उत्तर नाही.

बीड जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. अकरा तालुक्यांचा हा जिल्हा. जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची दूरदृश्य व्यवस्था असते. तिच्यावर देखरेख करणारी प्रशिक्षित माणसे असतात. पण आष्टी, धारूर किंवा वडवणीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बैठक ‘जोडली’ जाते तेव्हा दृश्य वेगळे असू शकते. एका मोठ्या पडद्यासमोर वीस-तीस माणसे बसलेली आहेत आणि यजमानाला पडद्यावर एकच नाव दिसते, ‘गटसाधन केंद्र’. प्रतीक्षा कक्षातून यजमान या नावाला आत घेतो. त्या नावामागे खोलीत कोण बसले आहे, दाराशी कोण उभे आहे, खिडकीबाहेर कोण ऐकते आहे, हे त्याला कळत नाही. पत्रकाने बैठकीच्या दाराला कुलूप लावले, पण बैठक ज्या खोलीत भरते ती खोलीच विचारात घेतली नाही.

अशा खोलीत बोलले जाते ते नेहमीच निरुपद्रवी नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बालविवाहांचे प्रमाण राज्यात सर्वांत जास्त असलेल्या जिल्ह्यांत बीडचा समावेश होता. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, मागे राहणाऱ्या मुलींची काळजी, शाळेतली गळती, या सर्वांचा त्याच्याशी संबंध आहे, हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको. गावात हा विवाह थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर असते आणि त्याला खबर देणारी व्यक्ती अनेकदा शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असते. आढावा बैठकीत मुलीचे नाव, गाव, लग्नाची तारीख उच्चारली जाते. ही माहिती तासाभरात गावात पोचली, तर विवाह दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन उरकला जाईल आणि खबर देणाऱ्या बाईंना त्याच गावात राहून नोकरी करायची असते. बैठकीची गुप्तता ही केवळ मोठ्या कंपन्यांची चैन नाही, ती यासाठी.

फर्निचर नव्हे, संगणक

खोलीतल्या वस्तूंकडे पाहू. भिंतीवरचा ‘स्मार्ट’ दूरचित्रवाणी संच, त्यावरचा कॅमेरा, टेबलावरचा ध्वनिग्राहक, फोनवरचे चित्र पडद्यावर आणणारी छोटी डबी, कोपऱ्यातला राउटर, छताचा सीसीटीव्ही कॅमेरा आणि कपाटावरचा त्याचा रेकॉर्डर. साठानोंदवहीत या वस्तू खुर्च्या-टेबलांच्या शेजारी लिहिल्या जातात. परंतु यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू स्वतः एक संगणक आहे. तिला प्रक्रियक आहे, स्मृती आहे, माहितीजालावरचा पत्ता आहे आणि बहुधा कारखान्यात घातलेला परवलीचा शब्दही आहे. संगणकाला आपण कुलूप लावतो. फर्निचरला लावत नाही. सगळा घोटाळा या एका वर्गीकरणातून होतो.

याचे पुरावे जुने आहेत. रॅपिड७ या कंपनीतील संशोधक एच. डी. मूर यांनी २०१२ च्या जानेवारीत आपल्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. जगातल्या माहितीजालाचे सुमारे ३ टक्के पत्ते तपासताना त्यांना दूरदृश्य बैठकीची सुमारे अडीच लाख यंत्रे आढळली. त्यातली सुमारे ५,००० यंत्रे अशी होती, की बाहेरून हाक आली की ती आपोआप उत्तर देत. फोन वाजताच कोणीही न उचलता तो आपोआप सुरू व्हावा, तसे. काही यंत्रे ही सोय चालू ठेवूनच विकली जात. मूर यांना घरबसल्या वकिलांच्या कचेऱ्या, औषध कंपन्या यांच्या बैठकीच्या खोल्या दिसत होत्या, कॅमेरा फिरवताही येत होता. त्यांनी एकही कुलूप तोडले नव्हते. ते लावलेलेच नव्हते.

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर यांचा ताबा घेतला. तिची युक्ती अगदी बाळबोध होती. कारखान्यात घातलेली साठेक नावे व परवलीचे शब्द तिच्याजवळ होते. ते एकामागून एक वापरून पाहायचे. अशी सहा लाखांच्या आसपास यंत्रे तिच्या अधीन झाली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले, त्या मालकांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

महागडी वस्तू घेतली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. बेल्जियमच्या बार्को कंपनीची ‘क्लिकशेअर’ ही वस्तू जगभरच्या बैठकीच्या खोल्यांत वापरली जाते. एक बटण संगणकाला जोडले की चित्र पडद्यावर येते. डिसेंबर २०१९ मध्ये ‘एफ-सिक्युअर’ या संस्थेने त्यात दहाहून अधिक दोष दाखवले. पडद्यावर जाणारी माहिती मध्येच पळवता येत होती. काही दोष यंत्राच्या घडणीतलेच असल्याने ते नव्या आज्ञावलीने पूर्ण दुरुस्त होण्यासारखे नव्हते.

हे सारे परदेशातले, असे म्हणून सुटका नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील सीसीटीव्हीची, महिला रुग्णांच्या तपासणीची चित्रणे यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला आल्याचे उघड झाले. सुरुवातीला ज्या तिघांना पकडले, त्यांतले दोघे महाराष्ट्रातले होते. एक सांगलीकडचा, दुसरा लातूरचा, म्हणजे बीडच्या शेजारच्या जिल्ह्यातला. कॅमेऱ्यांचा परवलीचा शब्द ‘अ‍ॅडमिन१२३’ असा होता, असे पुढे बातम्यांत आले. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या शाळांत एका महिन्यात कॅमेरे बसवायला सांगितले आणि त्यांचे चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर आली. हेतू मुलांच्या सुरक्षिततेचा आहे, तो योग्यच आहे. पण कुलूप नसलेला कॅमेरा राखणदार नसतो. तो कोणालाही उघडी खिडकी ठरतो.

सकारण उपाय

पत्रकाची पुरवणी लिहायची झाली, तर ती अशी असावी. प्रत्येक सूचनेसोबत तिचे कारण हवे.

बसवलेल्या प्रत्येक वस्तूचा कारखान्यातला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, कारण तो जगाला माहीत असतो. नवा शब्द लांब ठेवावा आणि वहीत लिहून ती वही कुलपाच्या कपाटात ठेवावी. कागदावर लिहू नये, असे सांगितले जाते. पण जालावरच्या चोराचा हात कपाटापर्यंत पोचत नाही आणि मुख्याध्यापकांची बदली झाली तरी वही राहते.

आपोआप उत्तर देण्याची सोय बंद करावी. फोनवरचे चित्र पडद्यावर आणताना क्रमांक विचारण्याची सोय चालू करावी, नाहीतर भिंतीपलीकडचा माणूसही आपले चित्र त्या पडद्यावर आणू शकतो.

बैठक संपली की कॅमेरा व ध्वनिग्राहकाची वायर काढावी. आवाज बंद असल्याचा दिवा हा अनेक यंत्रांत आज्ञावलीच्या हुकमावर लागतो आणि आज्ञावली बदलता येते. वायर काढलेला ध्वनिग्राहक मात्र कोणाचेच ऐकत नाही. इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूने आहे.

राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाल करण्याची सोय बहुधा असते. दूरचित्रवाणी आणि कॅमेरे तिथे जोडावेत. विद्यार्थ्यांच्या नोंदी असलेला संगणक वेगळ्या जालावर ठेवावा. एका खोलीला आग लागली तर दुसरीत जाऊ नये म्हणून मध्ये भिंत घालतात, तसेच हे.

खरेदीच्या वेळी इंच, वॉट आणि हमीची वर्षे विचारतो, तसा आणखी एक प्रश्न विचारावा. या यंत्राच्या आज्ञावलीची दुरुस्ती कंपनी किती वर्षे देणार? केंद्र शासनाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षिततेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या. एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांची प्रयोगशाळेत तपासणी बंधनकारक झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण ते सीसीटीव्हीपुरते आहे. आधीच भिंतीवर असलेले कॅमेरे, स्मार्ट फळे, चित्र पाठवणाऱ्या डब्या तशाच आहेत.

शेवटची सूचना यंत्रांची नाही. बैठकीच्या सुरुवातीला यजमानाने प्रत्येक खोलीला विचारावे, ‘आपल्याकडे कोण कोण बसले आहे?’ आणि मुलीच्या नावाऐवजी प्रकरणाचा क्रमांक उच्चारावा. जे बोललेच गेले नाही, ते चोरता येत नाही.

निष्कर्ष

२०२० चे ते पत्रक घाईच्या काळात उपयोगी पडले, याबद्दल वाद नाही. पण त्याने सुरक्षितता म्हणजे बटणांची यादी असा समज दृढ केला आणि बैठक म्हणजे पडदा, असे मानले. बैठक म्हणजे खोली, खोलीतली यंत्रे आणि खोलीतली माणसे. आपल्या शाळेच्या कार्यालयात किती संगणक आहेत, असा प्रश्न अकरावीच्या मुलांना विचारून पाहावा. ते टेबलावरचे मोजतील आणि ‘दोन’ म्हणतील. मग त्यांना भिंती, छत आणि कपाटावरची जागा मोजायला लावावी. खरा आकडा पाच-सहाच्या पुढे जाईल. त्यातल्या प्रत्येकाचा परवलीचा शब्द कोणाला ठाऊक आहे, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मुलांनी नव्हे, आपण द्यायचे आहे.